अकोल्याचं व्याज

व्याजदराची बातमी छापून आलेला पेपर कोणी टेबलावर ठेवला की ताई आधी त्यावर हात ठेवायच्या. पूर्ण बातमी झाकली जाईल असा, पाची बोटं पसरून. मग समोरच्याकडे बघून म्हणायच्या, "रेट मंग पाहू. पैसा कवा लागते थे पयले सांगा."

समोरचा गडबडायचा. तो आलेला असायचा तो दर वाढले किंवा घसरले हे सांगायला, आणि आता मी काय करू हे विचारायला. स्वतःला पैसा कधी लागणार आहे, हे त्याला कोणी आजवर विचारलेलं नसायचं. बहुतेक जण म्हणायचे, "तसा काही लागत नाही." ताई म्हणायच्या, "मंग ठेवता कायले? मले देऊन टाका." इथून बोलणं सुरू व्हायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याचा संसार नीट लावून देतात आणि स्वतःची पिशवी कुठे ठेवली ते मात्र विसरतात. आमच्या ताई नेमक्या तशा होत्या की नव्हत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

अमरावतीत एका पोस्टामागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकानाचा डावा कोपरा ताईंचा. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. त्या पोस्टाच्या बचतीच्या एजंट. शिवाय बँकेतल्या मुदत ठेवींचे अर्ज भरून देणं, वारस लावून देणं, म्हाताऱ्यांना रांगेत खुर्ची मिळवून देणं, हे त्यांच्याकडे आपोआप आलेलं. वय साठीच्या आतबाहेर, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात कंपनीत. सुती साडी आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट्सचे बूट. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पाय माये हायेत, साडीचे नाई."

भाड्याचं आमच्यात बोलणं नव्हतं. शुक्रवारी दुपारी मी नमाजला गेलो की दुकान त्या सांभाळायच्या, हेच भाडं. त्यात माझा तोटाच होता. कोचिंग क्लासची पोरं जाड जाड पुस्तकं झेरॉक्सला घेऊन यायची आणि ताई त्यांना झापायच्या. "सारं बुक छापून राहिले, वाचसान कवा?" पोरं समोरच्या दुकानात जायची. मी परत आलो की त्या मोठ्या समाधानानं सांगायच्या, "भाऊ, आज तीन पोरं सुधरवले."

दर दोन महिन्यांनी मुंबईत देशाची मध्यवर्ती बँक बसते आणि बाकीच्या बँकांना कितीनं पैसा द्यायचा ते ठरवते. त्यावरून कर्जाचे हप्ते आणि ठेवींचं व्याज वर-खाली होतं. ताई तिला नुसतं 'मोठी बँक' म्हणायच्या, सासूबद्दल बोलावं तशा सुरात. मोठ्या बँकेचा निर्णय आला की आमच्या दुकानात गर्दी. त्या दिवशी माझं झेरॉक्स मशीन बंद ठेवलं तरी चाललं असतं.

एक निवृत्त हेडमास्तर होते. दर वाढले रे वाढले की चालू ठेव मोडून नवीन करायला निघायचे.

"मोडून टाका ताई. सात महिने झाले, आता अर्धा टक्का जास्त भेटून राहिला."

"मोडाचा दंड किती?"

"असंल काई."

"असंल काई हा आकडा नाई होय, सर. तुमी गनित शिकोलं ना?"

ताईंनी माझ्याकडचा खराब झालेला झेरॉक्सचा कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. सरांनी निमूटपणे मांडलं. उरले होते पाच महिने. तेवढ्यात नव्या दरानं जे वाढणार होतं, त्याच्या दुपटीहून जास्त दंडात जाणार होतं.  ताईंनी त्या कागदाची घडी करून सरांच्या खिशात घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या बातमीले हा वाचा अन मंगच या."

एक कंपाउंडर पेढे घेऊन आला होता. दर इतके वाढूनही त्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता तेवढाच राहिला होता. ताईंनी पेढा घेतला, खाल्ला आणि मग विचारलं, "हप्ता तोच हाय. वर्षं किती वाढले?" त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो बँकेतून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. नोकरी संपल्यावरही सहा वर्षं हप्ते भरायचे होते. दिवाळीच्या बोनसची ठेव करायला निघालेल्या त्या माणसाला ताईंनी ते पैसे कर्जात भरायला लावले. "कर्जावर जास्त देऊन राहिला अन ठेवीवर कमी कमावून राहिला. कोनती कमाई हाय ही?" त्या ठेवीवर ताईंना दोन पैसे मिळाले असते. ते गेले. मी तसं म्हणालो तर मलाच ऐकवलं, "पेढा खाल्ला ना मी."

आणि परतवाड्याचे एक लाकडाचे व्यापारी. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं होतं की आता दर पडणार, तेव्हा लांब मुदतीचे बाँड घ्या, भाव चढतील. पैसे होते मुलीच्या लग्नाचे, लग्न मार्चमध्ये.

"भाचा बराबरच सांगून राहिला," ताई म्हणाल्या. "रेट पडला त जुन्या बाँडचा भाव वाढते. पन नाई पडला त? वरतून वाढला त? मार्चमधी मंडपवाल्याले थांबवसान काय, का बावा माया बाँडचा भाव येऊ दे?" व्यापारी हसले आणि पैसे मार्चपर्यंतच्या साध्या ठेवीत ठेवून गेले. भाच्याला मात्र ताईंनी मुद्दाम बोलावून सांगितलं की तुझी अक्कल चांगली आहे, दहा वर्षं न लागणाऱ्या पैशावर वापर.

ज्यांना पैसा कधी लागेल हे खरोखरच माहीत नसायचं, त्यांच्यासाठी ताईंची एकच पद्धत. त्यांच्या वडिलांचं शेत मूर्तिजापूरकडे होतं, कपाशीचं; कापसाच्या एका वेचणीला तिकडे वेचा म्हणतात. त्या विचारायच्या, "कापूस सारा एकाच दिवशी फुटते काय? चार वेचे होतेत ना? मंग पैशाचे काहून नाई करत?" एक भाग वर्षाचा, एक दोनाचा, एक तिनाचा, एक पाचाचा. दर वर्षी-दोन वर्षांत काहीतरी हाती येणार, ते त्या दिवशीच्या दरानं पुन्हा लांबच्या मुदतीला लावायचं. दर चढला तर मोकळा झालेला वेचा चढ्या दरानं लागतो, पडला तर बाकीचे तीन जुन्या दरानं बसलेले असतात. "कोनताच दिवस लय चांगला नाई जात अन कोनताच लय वाईट नाई जात," हे त्या चारचौघात सांगायच्या. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या बायका ठेवींना 'वेचा'च म्हणायला लागल्या होत्या. बँकेतली नवी पोरगी एकदा मला विचारायला आली, हा वेचा म्हणजे काय फॉर्म आहे?

त्यांचा दुसरा नियम म्हणजे निर्णयाच्या दिवशी आणि त्यानंतर दोन दिवस एकही अर्ज भरायचा नाही. "हवा बसू द्या. तीन दिवसात पैसा पयत नाई." माणसं कुरकुरायची, काही समोरच्या एजंटकडे जायची. ताई खुशाल शेंगा सोलत बसायच्या.

पण मी त्यांच्या शेजारी चार वर्षं बसलो. निर्णयाच्या सकाळी दहा वाजता त्या माझा मोबाइल मागून घ्यायच्या, कानात वायर घालायच्या आणि मुंबईचं इंग्रजी भाषण ऐकायच्या. इंग्रजी त्यांना आकड्यांपुरतं कळायचं, तेवढं पुरायचं. एरवी ग्राहकाला हसणारी ही बाई त्या दहा-पंधरा मिनिटांत साडीच्या पदराला पीळ देत बसायची. भाषण संपलं की वायर काढून म्हणायची, "भाऊ, शंभर कमी करा." किंवा, "शंभर वाढवा." किंवा, "जसं हाय तसं."

हे माझ्यासाठी असायचं. त्यामागची गोष्ट अशी.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ताई अकोल्याला जायच्या, थोरल्या बहिणीकडे. तिला त्या माई म्हणायच्या, म्हणून आम्हीही माईच म्हणायचो. जाण्याआधी त्या माझ्याकडून एक चिठ्ठी टाइप करून घ्यायच्या. वर माईंचं नाव, खाली 'या महिन्याचे व्याज' आणि आकडा. मी दोन वर्षं मुकाट्यानं टाइप केली. मग एकदा त्यांच्या कपाटातली माईंच्या ठेवीची पावती झेरॉक्सला माझ्या हातात आली. मी आकडेमोड करणारा माणूस नाही, पण माझी चिठ्ठी आणि ती पावती यांचा मेळ बसत नव्हता एवढं मलाही कळलं. पावतीप्रमाणे जेवढं व्याज येत होतं, त्याच्या जवळजवळ दीडपट आकडा मी टाइप करत होतो.

"ताई, हे काय आहे?"

त्यांनी माझ्या हातातून पावती घेतली. "चहा मांगवा," म्हणाल्या. चहा आल्यावर सांगायला लागल्या.

माई त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा ताई चार वर्षांच्या. माईंनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, त्यांचं लग्न लावून दिलं. माई एका खासगी बालवाडीत शिकवायच्या, यजमान जिनिंगमध्ये मुनीम. दोघांनाही पेन्शन नाही, मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर माईंनी एक प्लॉट विकला आणि आलेले सगळे पैसे ताईंच्या हाती दिले. अमरावतीच्या बँकेत दोघींच्या नावानं ठेव झाली. त्या व्याजावर माईंनी जगायचं होतं, अकोल्यातल्या स्वतःच्या दोन खोल्यांत.

"तवा रेट चांगला होता, भाऊ. पाच वर्षाचं करू का एका वर्षाचं? एका वर्षाले पाव टक्का जास्त होता. मी म्हटलं, अजून वाढनार हाय, पुढच्या साली वरच्या भावानं लंबं बांधू. पुढच्या साली पडला. मंग अजून पडला. करोनाच्या साली एवढा पडला का मायी छाती धडधडाले लागली. म्हटलं, आता अजून खाली जाईन. म्हनून सारेच्या सारे पाच वर्षाले बांधून टाकले. अन मंग थो चढाले लागला."

त्यांनी कप खाली ठेवला.

"वर होता तवा एका वर्षाचं केलं अन तळाले होता तवा पाच वर्षाचं. दोनी वेळा मोठ्या बँकेच्या तोंडाकडे पाह्यलं. माईकडे पाह्यलंच नाई."

वेचे, तीन दिवस, पेपरावर ठेवलेला हात, हे सगळं त्यानंतरचं होतं. मी समजत होतो की या बाईला हे उपजतच येतं.

माईंना खरं सांगा, असं मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "सांगितलं त काय होईन? माई घराले कुलूप लावून नागपुरले पुतन्याकडे जाईन. तिथं तिची खाट बाल्कनीत हाय, इन्व्हर्टरच्या बाजूले. माया हातचा एक रुपया थे घेनार नाई. तिनं मले वाढोलं, भाऊ. घेईन कशी?"

म्हणजे कमी पडणारी रक्कम ताई स्वतःच्या कमिशनातून घालायच्या आणि माई ती आपलं व्याज समजून घ्यायच्या. ते तसं समजलं जात होतं तोवरच माई आपल्या घरात होत्या. यात एकच अडचण होती. माई रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायच्या. एकदा दर पडल्यावर त्यांनी विचारलंच, "सगळ्यांचं कमी झालं, मायंच कसं नाई झालं?" तेव्हा ताईंनी सांगून टाकलं की तुझी ठेव दराबरोबर चालणारी आहे. तेव्हापासून दर पडला की शंभर रुपये कमी आणि चढला की शंभर जास्त. खोटं खरं वाटावं म्हणून त्याला मोठ्या बँकेच्या मागे चालवावं लागत होतं. ते सकाळी दहाचं भाषण त्यासाठी.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "झूटी पर्ची टाइप करते हो, और जुमे को पहली सफ में खडे रहते हो." सफ म्हणजे नमाजाची रांग. मी म्हटलं, सही नाही, शिक्का नाही, बँकेचं नाव नाही, नुसता एक आकडा आहे. ती म्हणाली, आकडाच तर झूट आहे. तिचं बरोबर होतं. मी टाइप करत राहिलो.

पाच वर्षं संपून ठेव मोकळी झाली ती नेमकी दर पुन्हा उतरायला लागले तेव्हा. या वेळी ताईंनी चार वेचे केले, एका बैठकीत, पेपर न बघता. पण मागचं नुकसान त्यातून भरून येणार नव्हतं. त्यात लोक मोबाइलवरूनच ठेवी करायला लागले आणि ताईंकडचे अर्ज कमी झाले. त्यांनी दुपारचा चहा सोडला, ॲसिडिटी होते म्हणाल्या. ऑटो सोडला, डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणाल्या. मी एकदा माईंच्या पैशांच्या पाकिटात पाचशेची नोट सरकवायला गेलो तर माझ्या हातावर फटका बसला. "तुमी टाइप करा. थेवढंच."

डॉक्टरनं खरं म्हणजे चालू नका असं सांगितलं होतं. ते आम्हाला उन्हाळ्यात कळलं, त्या दुकानाच्या पायरीवर दम लागून बसल्या तेव्हा. दवाखान्यात भरती केलं. मुलगा पुण्याहून आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एकट्याला थांबवून घेतलं आणि कपाटाची किल्ली दिली. खालच्या कप्प्यात सहा पाकिटं होती, दिवाळीपर्यंतच्या सहा महिन्यांची, प्रत्येकावर महिन्याचं नाव. पैसे मोजून ठेवलेले.

"पाकिटातला आकडाच चिठ्ठीवर टाइप करा. दुसऱ्या रविवारी जाऊन या. गाडी बडनेऱ्याहून सात वाजता हाय."

"आणि दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर मी जाईन ना. मी काय इथंच राह्यतो काय?"

त्या आठ दिवसांनी गेल्या. माई पुतण्याच्या गाडीतून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येईना, म्हणून मी दुकानातली ताईंचीच खुर्ची नेऊन दिली. त्या रडल्या नाहीत. ताईंच्या कपाळावरचे केस मात्र कितीतरी वेळ मागे सारत राहिल्या.

महिना उलटला. त्या आठवड्यात शुक्रवारी मोठ्या बँकेचा निर्णय होता. दहा वाजता मी मोबाइल उलटा ठेवला आणि दोन पोरांची पुस्तकं छापत बसलो. मला त्या भाषणाशी काही घेणंदेणं उरलं नव्हतं. शनिवारी चिठ्ठी टाइप केली, पाकिटावरच्या महिन्याची, पाकिटातल्या आकड्याची. रविवारी सातच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पाकीट खिशात आहे का ते पुन्हा चाचपून पाहिलं. ताई इतकी वर्षं हे करत होत्या. मी एकाच फेरीत घामाघूम झालो होतो.

माईंचं घर लहान आणि लख्ख. पुढच्या खोलीला बाहेरून कुलूप, माई मागच्या खोलीत. त्यांनी पाणी दिलं, पोहे दिले. मी पाकीट आणि चिठ्ठी समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, नोटा मोजल्या आणि पुन्हा चिठ्ठी वाचली.

"शुक्रवारी रेट कमी झाला," त्या म्हणाल्या.

"हो का?"

"पेपरात आलं हाय. मंग शंभर कमी याले पाह्यजे होते. तुमी थेवढेच आनले."

मला खोटं टाइप करता येतं, बोलता येत नाही. मी म्हणालो, ते पुढच्या महिन्यापासून लागू होईल. मग म्हणालो, बँकेची काहीतरी चूक असेल.  सहा महिन्यांची पाकिटं आधीच भरून ठेवताना मोठी बँक मध्येच काय करेल हे ताईंना तरी कुठून कळणार होतं?

"घाबरू नोका," माई म्हणाल्या. "मले तीन वर्षं झाले माहीत हाय."

एका एप्रिलमध्ये व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म घेऊन त्या स्वतःच अकोल्याच्या शाखेत गेल्या होत्या. ताईला तेवढाच त्रास कमी, म्हणून. खिडकीवरच्या मुलीनं आधार कार्ड पाहिलं आणि वर्षभराचं सगळं छापून हातात ठेवलं. त्यात ठेव केव्हा केली, किती वर्षांची, व्याज किती, सगळं होतं.

"मी बालवाडीत शिकोलं, पन बेरीज येते मले," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी चिठ्ठीची घडी केली. "दोन महिने इचार केला. बोलली असती त तिनं पैसे आननं बंद केलं असतं. मंग आली असती काय दर महिन्याले? तिले वाटे, थे मायी देनेदार हाय. मी घेतले म्हनून तिचं मन हलकं होये. अन मले तिचं तोंड दिसे. मी खर्च करत गेली, ठेवले नाई. ठेवले असते त तिच्या कष्टाचे पैसे नुसतेच पडून राह्यले असते. तिनं मायासाठी आनले, मी पोटाले लावले."

मला ताईंचा राग आला. सोडलेला चहा आठवला, सोडलेला ऑटो आठवला. माईंचाही राग आला. आणि मग दोघींचाही राग धरता येईना, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही.

मी कपाटातल्या बाकीच्या पाच पाकिटांचंही सांगून टाकलं. माईंनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "हे अन बाकीचे तिच्या पोराले पाठवून द्या. मायं व्याज मी आता इथल्याच शाखेतून काढत जाईन. चार ठेवी केल्या ना तिनं शेवटी? पाह्यलं मी. बराबर केल्या."

"पण तेवढ्यात भागेल का? नागपूरला..."

"नागपुरले कोन जाते?" त्या पहिल्यांदाच ताईंसारख्या बोलल्या. "पुढची खोली भाड्यानं देतो. नर्सिंगच्या पोरी हिंडतेत इकडे जागा शोधत. कवापासून इचारून राहिल्या. पन थे असतपर्यंत कशी देऊ? कुलूप उघडं दिसलं असतं त तिले वाटलं असतं, माईले कमी पडून राहिलं."

त्या उठल्या आणि आतून कोरा कागद व स्केचपेन घेऊन आल्या. "टायपिंगवाले हाय ना तुमी? मशीन नाई इथं, हातानंच लिहा. मोठ्या अक्षरात. फाटकावर लावून जा."

मी लिहायला बसलो. खोली भाड्याने देणे आहे. फक्त मुलींसाठी. स्वतंत्र दार. माई खांद्यावरून वाचत होत्या.

"पानी चार दिवसाआड येते, थेबी लिहा," त्या म्हणाल्या. "लपवू नोका."

मी लिहिलं.